घरगुती शास्त्र : लांकडांतली ओल

घर बांधणारा मनुष्य विटा मोजून घेतो, वाळू चाळून घेतो, सिमेंट ताजें आहे कीं नाहीं याची चौकशी करतो. परंतु लांकूड मात्र तो रंगावरून, वासावरून आणि वखारवाल्याच्या शब्दावरून घेतो. सागवान आहे ना, मग झालें, असा आपल्या घरांतील वडील माणसांचा सर्वसाधारण समज असतो. तें सागवान किती ओलें आहे, हा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं. आणि आलाच तर त्याचें उत्तर अंकांनीं देतां येतें, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. या महिन्यांत त्या अंकाविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त एका पत्राचें आहे. सातारा जिल्ह्यांतील एका एकत्र कुटुंबांतून धाकट्या सुनेनें तें लिहिलेलें आहे. चार भाऊ, त्यांच्या बायकामुलें आणि सासूबाई मिळून एकोणीस माणसांचें घर. वाड्याचा मागचा भाग गेल्या वर्षीं नव्यानें बांधला आणि त्यासाठीं सहा दारें सागवानी फळ्यांचीं करविलीं. काम श्रावणांत सुरू झालें, दिवाळीच्या आधीं दारें लागलीं, आणि फाल्गुनांत प्रत्येक जोडांतून पलीकडचा उजेड दिसूं लागला. मामंजींच्या माघारीं घरचा कारभार थोरले भावोजी पाहतात. त्यांनीं सुताराच्या मजुरीचा शेवटचा हप्ता, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, अडकवून ठेवला आहे. हा सुतार परका नव्हे. त्याच्या आज्यानें या घरचा देव्हारा केलेला आहे. सासूबाईंचें म्हणणें असें कीं गरिबाचे पैसे ठेवूं नयेत. भावोजींचें म्हणणें, लांकूड पारखणें हें सुताराचेंच काम होतें. सुतार म्हणतो, "मीं श्रावणांतच सांगितलें होतें कीं फळ्या ओल्या आहेत, थोडें थांबा." आणि वखारवाला म्हणतो, माल सुकलेलाच दिला होता. "यांपैकीं खरें कोण बोलतो, हें शास्त्रानें ठरवितां येईल काय?" असा त्या भगिनींचा प्रश्न आहे. पुष्कळ अंशीं येईल, असें आम्हांस वाटतें. परंतु त्याआधीं लांकूड आणि पाणी यांचा संबंध नीट समजून घेतला पाहिजे.

झाड उभें असतांना त्याच्या अंगांत पाणी दोन ठिकाणीं असतें. मुळांनीं ओढलेलें पाणी ज्या सूक्ष्म नळ्यांतून वर चढतें त्यांच्या पोकळींत तें भरलेलें असतें, आणि शिवाय त्या नळ्यांच्या भिंतींतही तें मुरलेलें असतें. हा भेद घरांतील कोणाही स्त्रीला एका उदाहरणानें पटेल. ओलें धोतर पिळलें म्हणजे धाग्यांच्या मधलें पाणी गळून जातें. परंतु पिळलेलें धोतर वाळलें असें कोणी म्हणत नाहीं. धाग्याच्या अंगांत मुरलेलें पाणी पिळण्यानें जात नाहीं. त्यासाठीं धोतर दोरीवर घालावें लागतें. लांकडाचेंही असेंच आहे. पोकळींतलें पाणी आधीं निघून जातें. तें जात असतांना लांकूड हलकें होतें, परंतु त्याची रुंदी जवळजवळ आहे तशीच राहते. मग अशी एक अवस्था येते कीं पोकळ्या रित्या झालेल्या आहेत आणि भिंती मात्र तुडुंब आहेत. बहुतेक जातींत ही अवस्था सुमारें २८ ते ३० टक्के ओलावा उरला असतां येते. येथून खालीं जें पाणी जातें तें भिंतींतून जातें, आणि भिंतींनीं पाणी सोडलें कीं लांकूड आकसूं लागतें, कठीण होतें आणि अधिक मजबूतही होतें. दारखिडक्यांचीं बहुतेक दुखणीं या तिसाच्या खालच्या प्रदेशांतलीं असतात.

टक्के म्हणजे कशाचे टक्के, हें येथेंच सांगून ठेवणें बरें. लांकडाच्या व्यवहारांत ओलावा पूर्ण कोरड्या लांकडाच्या वजनाशीं तोलून सांगण्याची रीत आहे. तुकड्याचें ओलेपणीं वजन करावें, तो पूर्ण वाळवून पुन्हां वजन करावें, दोहोंतील फरकाला कोरड्या वजनानें भागून शंभरानें गुणावें. या रीतीनें ओलावा शंभर टक्क्यांच्याही वर जाऊं शकतो, आणि हें ऐकून शाळेंत जाणारीं मुलें हंसतात. परंतु अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वाढणारा वेस्टर्न रेड सीडर नांवाचा वृक्ष ताजा तोडला असतां त्याच्या गाभ्यांत ५८ टक्के, तर सालीजवळच्या कच्च्या लांकडांत सुमारें अडीचशे टक्के पाणी भरतें. म्हणजे एक किलो लांकडामागें अडीच किलो पाणी! जळणाचे व्यापारी पुष्कळदां ओल्या वजनाशीं तुलना करतात. त्यामुळें ८४ ग्रॅमांचा तुकडा वाळून ७२ ग्रॅम झाला, तर सुताराच्या हिशेबानें त्याचा ओलावा १६.७ टक्के आणि जळणवाल्याच्या हिशेबानें १४.३ टक्के. दोघेही खरें बोलतात आणि तरी भांडण होऊं शकतें.

आकसणें सर्व दिशांनीं सारखें असतें तर निम्म्या तक्रारी मिटल्या असत्या. तसें तें नसतें. लांबीच्या दिशेनें लांकूड इतकें थोडें आकसतें कीं तें मोजण्यांत घेण्याचें कारण नाहीं. हजारांत एकदोन भाग एवढेंच. झाडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेनें सागवान ओल्यापासून पूर्ण कोरडें होईपर्यंत सुमारें २.५ टक्के आकसतें, आणि वार्षिक वलयांच्या कडेनें सुमारें ५.८ टक्के. एकाच फळीच्या दोन अंगांना असा दुजाभाव असल्यामुळें ती वाळतांना पन्हळीसारखी वाकते. सागाची कीर्ति आपण वाळवी न लागण्यावरून गातों, परंतु आमच्या मतें त्याची खरी थोरवी या लहान आंकड्यांत आहे. इंग्रज ज्याच्यावर एवढा जीव टाकीत त्या ओकाच्या अमेरिकेंतील पांढऱ्या जातीचा वलयांच्या कडेनें होणारा संकोच साडेदहा टक्के आहे. तरीही सागवान आकसतें, हें विसरून चालणार नाहीं. वलयांच्या कडेनें चिरलेली २५० मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी घेतली तर ओलावा एक टक्का उतरला कीं ती सुमारें अर्धा मिलिमीटर अरुंद होते. हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचा उपयोग आहे.

बरें, लांकूड एकदां वाळलें म्हणजे संपलें, असेंही नाहीं. उन्हाळ्यांत खडखडीत वाळवून डब्यांत भरलेले पापड डबा उघडा राहिला तर आषाढांत मऊ पडतात, तसें लांकूडही सभोंवारच्या हवेशीं कायम देवाणघेवाण करीत राहतें. हवेची सापेक्ष आर्द्रता तीस टक्के असेल तर लांकूड कालांतरानें सहा टक्क्यांच्या आसपास स्थिरावतें. पन्नासला सुमारें नऊ, पासष्टला बारा, ऐंशीला सोळा, आणि नव्वदला वीसच्या घरांत जातें. जात कोणतीही असो, या आंकड्यांत फार मोठा फरक पडत नाहीं. पुण्याकडे चैत्र-वैशाखांतील दुपारीं आर्द्रता तिसाच्याही खालीं उतरते आणि श्रावणांत ऐंशीच्या वर चढते. सुदैवानें लांकूड धीम्या स्वभावाचें आहे. एका दुपारच्या उन्हानें किंवा एका सरीनें तें विचलित होत नाहीं, आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबानें चालतें. म्हणूनच न्हाणीघराचें दार ज्येष्ठांत बरें असतें आणि भाद्रपदांत आंतलें माणूस आंत अडकवितें. वृद्ध माणसें असलेल्या घरांत ही नुसती गैरसोय नव्हे. पावसाळ्यांत घट्ट बसणारें न्हाणीघराचें दार आधीं रंधून घ्यावें, मग इतर दारांकडे पाहावें.

आपल्या देशांत हवामान एकसारखें नाहीं हें जाणून भारतीय मानक संस्थेनें २८७ क्रमांकाच्या मानकांत देशाचे आर्द्रतेप्रमाणें चार विभाग पाडले आहेत, आणि कोणत्या विभागांत कोणत्या कामासाठीं लांकडांत जास्तींत जास्त किती ओलावा चालेल तें सांगितलें आहे. पन्नास मिलिमीटरांहून पातळ दारखिडक्यांसाठीं अगदीं शुष्क विभागांत ८ टक्के, त्यानंतर १० आणि १२, आणि समुद्रकांठासारख्या दमट विभागांत १४ टक्के अशी ही चढती भाजणी आहे. याचा एक व्यावहारिक अर्थ असा कीं चंद्रपुराकडे वैशाखांत तयार झालेलें घट्ट बसणारें दार जसेंच्या तसें रत्नागिरीस आणून बसवूं नये. तें वाईट आहे म्हणून नव्हे; तें तेथील हवेला अजून सरावलेलें नाहीं म्हणून. महिनाभर त्याच घरांत तें आडोशाला उभें करून ठेवावें आणि मग रंधा मारावा.

येथें एका लोकप्रिय समजुतीचा समाचार घेणें भाग आहे. जुन्या वाड्याचें शंभर वर्षांचें सागवान 'मेलेलें' असतें, तें आतां हलत नाहीं, असें म्हणून लोक तें नव्या लांकडाहून चढ्या भावानें घेतात. जुनें लांकूड घेण्यास आमची ना नाहीं. तें बहुधा मोठ्या झाडांच्या गाभ्याचें असतें, आणि त्याच्या वाकण्याफाटण्याचा जो कांहीं निकाल लागायचा तो लागून गेलेला असतो. परंतु हवेंतील पाणी घेण्याचा व सोडण्याचा त्याचा गुण शंभर वर्षांनींही जात नाहीं. वाडा पाडतांना तुळया पावसांत अंगणांत पडून राहिल्या असतील तर तें शतवर्षीय सागवानही पाहिजे तितकें ओलें असूं शकतें. त्याचेंही माप घेतलेंच पाहिजे.

ओल्या लांकडाची हानि केवळ फटींवर थांबत नाहीं. ओलावा वीस टक्क्यांच्या वर रेंगाळला आणि हवा खेळती नसली कीं बुरशी धरते आणि लांकूड आंतून कुजूं लागतें. याचें एक मोठें उदाहरण इतिहासांत आहे. फ्रान्सशीं चाललेल्या युद्धाच्या धांदलींत इंग्लंडनें अर्धकच्च्या ओकाचीं गलबतें भराभर बांधलीं. त्यांतील 'क्वीन शार्लट' नांवाचें शंभर तोफांचें जहाज १८१० सालीं पाण्यांत उतरलें, आणि दुसऱ्याच वर्षीं त्याचीं लांकडें इतकीं कुजलेलीं आढळलीं कीं तें युद्धावर जाण्यापूर्वींच पुन्हां बांधण्याची पाळी आली. त्याच सुमारास मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याचे जमशेटजी बमनजी मलबारच्या सागवानाचीं जहाजें बांधीत होते. त्यांचें १८१७ सालीं उतरविलेलें 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभें आहे. यांतलें श्रेय सागाच्या जातीला आहेच. परंतु लांकूड नीट वाळवून वापरण्याला आणि कारागिराला घाई न करण्यालाही तें आहे. ब्रह्मदेशांत तर सागाच्या झाडाची साल व खालचा कच्चा भाग बुंध्याभोंवतीं कंकणासारखा कापून झाड दोनतीन वर्षें उभेंच वाळूं देत आणि मग तोडीत. कारण ओला साग नदींत तरंगत नाहीं, आणि ओंडके नदीनेंच न्यावयाचे असत.

आतां मापाकडे वळूं. खात्रीची रीत तीच, जी वर हिशेबासाठीं सांगितली : तुकडा भट्टींत वाळवून दोनदां वजन करणें. प्रयोगशाळेंत यासाठीं सुमारें १०३ अंश सेल्सिअस उष्णतेची भट्टी वापरतात आणि दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत तुकडा आंत ठेवतात. ज्या घरांत केक भाजण्याची विजेची भट्टी आणि ग्रॅम दाखविणारा कांटा आहे, तेथें हा प्रयोग मुलांकडून करवितां येतो. काळजी मात्र तीन गोष्टींची घ्यावी. फळीचें टोक लवकर वाळतें, म्हणून टोकापासून निदान फूटभर आंत जाऊन इंचभर जाडीचा आडवा काप काढावा. कापल्याबरोबर लागलीच, कुसळें झाडून, वजन करावें. अर्धा तास ओट्यावर पडला तर हिशेब बिघडला. आणि भट्टी १०५ अंशांच्या पुढें जाऊं देऊं नये, नाहीं तर लांकूड करपून पाण्याबरोबर त्याचें अंगही कमी होईल. पुष्कळ घरगुती भट्ट्यांचा कांटा दहावीस अंशांनीं खोटा असतो. आंत वेगळा उष्णतामापक ठेवावा आणि जवळ मोठें माणूस असावें. चोवीस तासांत लहान काप बहुधा पुरा वाळतो. जाड तुळई असेल तर कापाचा बाहेरचा थर आणि मधला गाभा वेगळे करून तोलावे. बाहेर बारा आणि आंत पंचवीस असा प्रकार विरळा नाहीं, आणि सरासरीनें तो झांकला जातो.

या रीतीचा दोष उघड आहे : ती फळी कापावयास लावते आणि एक दिवस घेते. म्हणून वखारींत विजेचें यंत्र वापरतात. कोरडें लांकूड विजेला फार मोठा अडथळा करतें आणि ओलें फार थोडा. तीस टक्क्यांवरून पूर्ण कोरडेपणापर्यंत जातांना हा अडथळा कोट्यवधि पटींनीं वाढतो. आल्फ्रेड स्टॅम या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२७ सालीं या गुणाचा ओलावा मोजण्याकडे उपयोग दाखवून दिला. यंत्राला दोन सुया असतात. त्या लांकडांत खुपसल्या कीं तबकडीवर टक्के उमटतात. इतकें सोपें यंत्र पाहून मोह होतो, म्हणूनच त्याच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. सुमारें सातच्या खालीं आणि पंचवीस-तिसाच्या वर त्याचा भरंवसा धरूं नये. पुष्कळ यंत्रें डग्लस फर नांवाच्या परदेशी लांकडावर बेतलेलीं असतात. सागवान, शिसव किंवा बाभूळ त्याच ओलाव्याला निराळा अडथळा करतात, म्हणून यंत्राबरोबर जातवार दुरुस्तीचा तक्ता असेल तर तो पाहिल्याशिवाय आंकडा बोलूं नये. लांकूड उन्हांत तापलेलें असेल तर यंत्र जास्त ओलावा दाखवितें. दहा अंशांमागें ढोबळमानानें एक टक्का धरावा. वाळवीप्रतिबंधक क्षार पाजलेलें किंवा खाऱ्या पाण्यांत भिजलेलें लांकूडही तें खऱ्याहून अधिक ओलें सांगतें. हें कोंकणांतील वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. प्लायवुडांत डिंकामुळें घोटाळा होतो. बिनसुयांचीं यंत्रेंही मिळतात. तीं पृष्ठावर ठेवून विजेच्या क्षेत्रांत पडणारा फरक मोजतात, भोंक पाडीत नाहींत, परंतु लांकडाच्या घनतेनें तीं फसतात. हलक्या सांवरीसाठीं लावलेलें यंत्र जड शिसवीवर ठेवलें तर शिसव उगीचच ओली ठरते. आमचा अभिप्राय असा कीं यंत्र एकाच जातीच्या पन्नास फळ्यांतून दहा ओल्या निवडून काढण्यास उत्तम आहे. वादाचा निवाडा करावयाचा असेल तेव्हां मात्र भट्टी आणि तराजूच.

जातीजातींचा वाळण्याचा स्वभावही वेगळा. साग गुणी आहे. सावकाश पण विनातक्रार वाळतो. साल हट्टी, बाहेरून वाळून तडकतो तेव्हांही आंतून ओलाच असतो. ऐनाला टोकांशीं फाटण्याची खोड आहे. सांवर आणि आंबा यांचें उलट. तीं लांकडें ओलीं ठेवलीं कीं त्यांवर निळसर काळे डाग पडतात, म्हणून तीं चिरून लवकर वाळविलींच पाहिजेत. डेहराडून येथें १९०६ सालीं स्थापन झालेल्या वनसंशोधन संस्थेनें आपल्याकडील शेंकडों जातींचा असा अभ्यास केलेला आहे. १९३२ सालीं निघालेल्या पिअर्सन व ब्राउन यांच्या दोन खंडांच्या ग्रंथांत जातवार वर्णनें सांपडतात.

आतां साताऱ्याकडील दारांचा प्रश्न. पहिली अडचण अशी कीं आज दाराचा ओलावा मोजला तर तो आजचा कळेल, गेल्या श्रावणांतला नव्हे. लांकूड तें पाणी केव्हांच हवेला देऊन बसलें आहे. परंतु फट ही त्या पाण्याची पावती आहे. आम्हीं त्या भगिनींना उलट टपालीं तीन गोष्टी पाहून कळविण्यास सांगितलें : फळ्यांची रुंदी, फटींची रुंदी, आणि दाराच्या खालच्या कडेला फळीच्या टोकावर वलयें कशीं दिसतात तें. शिवाय त्याच फळ्यांतून उरलेला आणि वर्षभर त्याच खोलींत पडलेला एक तुकडा भट्टींत घालून तोलावयास सांगितलें. त्यांनीं पुतण्यांच्या मदतीनें हें सर्व फार व्यवस्थित केलें. फळ्या २५० मिलिमीटर रुंद. फटी सरासरी पांच मिलिमीटर. वलयें आडवीं, म्हणजे रुंदी वलयांच्या कडेनेंच चिरलेली. आणि तुकड्याचें वजन ६१ ग्रॅमांवरून ५५.५ ग्रॅमांवर आलें, म्हणजे आजचा ओलावा दहाला किंचित् कमी.

फळ्या मागें आडव्या पट्ट्यांना मध्यावर जखडलेल्या आहेत, तेव्हां एका जोडाची फट म्हणजे एका फळीचा संकोच. टक्क्याला अर्धा मिलिमीटर, तर पांच मिलिमीटरांना दहा टक्के. आजचे दहा त्यांत मिळविले कीं दारें जोडलीं तेव्हां फळ्यांत सुमारें वीस टक्के ओलावा होता असें निघतें. वलयें उभीं असतीं तर याच फटीला दुपटीहून अधिक पाणी जावें लागलें असतें, आणि मग लांकूड जवळजवळ कच्चेंच दिलें असें म्हणून वखारवाल्याकडे बोट दाखवावें लागलें असतें. तसें झालेलें नाहीं. श्रावणांत छपराखालीं ठेवलेलें चांगलें वाळलेलें सागवानही सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत चढतें. म्हणजे विसांपैकीं मोठा भाग त्या महिन्याचा आहे आणि तीनचार टक्के मात्र वखारींत वाळवणें अपुरें राहिल्याचे. सुतार लांकूड ओलें आहे म्हणाला तें खरें होतें. त्यानें फळ्यांच्या कडा एकमेकींत खांच पाडून बसविल्या असत्या तर फट पडूनही उजेड दिसला नसता, एवढा उणेपणा त्याच्याकडे येतो. पण तसें काम त्याला सांगितलेंही नव्हतें आणि त्याची मजुरी ठरलेलीही नव्हती. दिवाळीच्या आधीं दारें पाहिजेत, हा आग्रह घरचा होता. थोरल्या भावोजींचा मान राखून आम्हांस असें सुचवावेंसें वाटतें कीं त्यांनीं हप्ता देऊन टाकावा आणि दुरुस्ती त्याच सुताराकडून, तिची वेगळी मजुरी ठरवून, करवावी. हा हिशेब थोडा इकडेतिकडे होईल. फळीफळींत फरक असतो. परंतु विसाचा बारा होण्याइतका तो चुकणार नाहीं.

दुरुस्तीसंबंधीं एक सूचना तांतडीची आहे. चैत्रांत या फटी पाहून लांबी भरण्याचा किंवा पट्टी ठोकून बसविण्याचा मोह होईल. तसें करूं नये. आषाढांत याच फळ्या सोळा टक्क्यांवर जाऊन प्रत्येकी तीन मिलिमीटर फुगतील, आणि भरलेल्या फटींत जागा न मिळाल्यामुळें दार धनुष्यासारखें वाकेल किंवा चौकट रेटील. फटीवर बाहेरून पातळ पट्टी लावावी आणि ती एकाच बाजूच्या फळीला खिळवावी. दुसरी फळी तिच्याखालीं मोकळी सरकूं द्यावी. जुन्या पद्धतीच्या दारांत चौकटीच्या खांचेंत बसविलेली मधली फळी डिंक न लावतां मोकळी ठेवीत, तें याच कारणासाठीं.

ज्यांचें काम अद्याप व्हावयाचें आहे त्यांनीं लांकूड शक्यतों दिवाळीनंतर घ्यावें आणि मार्गशीर्ष ते फाल्गुन या महिन्यांत दारें करवावीं. तेव्हांचा ओलावा वर्षाच्या सरासरीच्या जवळ असतो. वखारींतून आणलेल्या फळ्या जमिनीवर रचूं नयेत. खालीं विटा, मग प्रत्येक थरांत सारख्या जाडीच्या पट्ट्या एकीवर एक येतील अशा घालून, सावलींत पण वाऱ्यावर रास करावी, वर ओझें ठेवावें आणि फळ्यांच्या टोकांना रंग किंवा मेण चोपडावें, म्हणजे टोकें आधीं वाळून फाटत नाहींत. इंचभर जाडीला एक वर्ष असा जुना अंदाज आहे. तो ओल्या लांकडासाठीं आहे, अर्धवट वाळलेल्याला कांहीं महिने पुरतात. पॉलिश किंवा रंग दोन्ही अंगांना आणि वरच्याखालच्या कडांनाही लावावा. त्यानें ओल थांबत नाहीं, तिची येजा मंदावते. आणि एकाच अंगाला लावला तर दार हमखास वाकतें. दाराची खालची कड रंगाऱ्याला दिसत नाहीं म्हणून बहुधा कोरी राहते. दार चढविण्याआधीं आरशांत पाहून ती तपासावी.

स्वयंपाकघरांतही हेंच चालूं असतें. पोळपाट मोरींत इतर भांड्यांबरोबर भिजत पडला कीं तो पाणी पिऊन फुगतो, मग शेगडीजवळ वाळतांना त्याची कड तडकते. तो धुवून लागलीच पुसावा आणि ओट्यावर आडवा न ठेवतां कडेवर उभा करावा, म्हणजे दोन्ही अंगांना सारखा वारा लागतो. वांकलेला पोळपाट पुष्कळदां उलटा करून चार दिवस ठेवल्यानें सरळ होतो; लाटणें मात्र वाकलें तर रंधाऱ्याकडेच द्यावें लागतें.